चिलखती गस्ती वाहनाला सरसकट जाड पत्रा का लावत नाहीत?

वजनामुळे. पत्रा वाढवला की इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळंच मोठं करावं लागतं आणि गाडी मंदावते. म्हणून 2005 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया टेक संशोधन संस्थेने 'अल्ट्रा एपी' या प्रायोगिक गाडीत जवानांभोवतीच मजबूत कवच दिलं.

खरी कसोटी तळाची. इंग्रजी व्ही आकाराचा तळ सुरुंगाचा दणका बाजूंना वळवतो, पण त्यासाठी गाडी उंच होते, गुरुत्वमध्य वर जातो. मग खचलेल्या कडेवरून ती उलटू शकते. अमेरिकेच्या एमआरॅप या सुरुंगरोधक चिलखती गाड्यांचे असे अपघात झालेच. म्हणून अफगाणिस्तानातल्या खडबडीत वाटांसाठी 2009 मध्ये हलकी एम-एटीव्ही आली. काचाही लहान ठेवतात, पण गस्तीवर आजूबाजूचं दिसणं हेही संरक्षणच आहे. माझ्या मते तिथे काटकसर नको.