पोट सुटतंय, पण वही खाण्याची नको

"मॅडम, खाणं पूर्वीइतकंच आहे, तरी पोट सुटतंय." हे मी इतक्यांदा ऐकते की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय : "माझा मनावर ताबाच नाही."

पन्नाशीला टेकलेल्या या बाई (तपशील बदललेत) रोज सिट-अप्स मारत होत्या. त्यानं स्नायू बळकट होतात, नेमकी तिथलीच चरबी उतरत नाही, हे ऐकून त्या हिरमुसल्या.

काय खाल्लं ते टिपायच्या वह्या त्यांनी भरपूर भरल्या होत्या. मी झोपेची वही लिहायला सांगितली. एखादी सवय कशाच्या मागून येते ते पाहिल्याशिवाय मी तिला हात लावत नाही.

"झोपायला एक वाजतो. कधी दीड."
"तोवर?"
"मोबाइल. काहीतरी तोंडात टाकत बसते."
"अकरालाच झोपलात तर?"

बराच वेळ गप्प. मग डोळे भरून आले. "मग माझा असा वेळच उरत नाही. दिवसभर नोकरी, सासूबाईंचं आजारपण..."

ती भूक नव्हतीच. दिवसातला एकमेव स्वतःचा तास त्या खाऊन साजरा करत होत्या. अशी जागा सापडली की आहारतक्त्याआधी मी घरातल्या कामांची वाटणी काढते. यांच्या नवऱ्यानं संध्याकाळचा एक तास आईजवळ बसायचं कबूल केलं. बाई त्या वेळात चालायला जाऊ लागल्या, झोप साडेअकरावर आली, रात्रीचं चरणं आपोआप कमी झालं.

मनाचा दुबळेपणा म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांना मी शरीराचा हिशेबही दाखवते. अपुऱ्या झोपेनं भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं, तृप्ती सांगणारं लेप्टिन घटू शकतं. सततच्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहिलं की चरबी पोटाकडे वळू शकते. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि मांड्या-नितंबांकडे जाणारी चरबी पोटावर साठू लागते. वयानं स्नायू घटतात. आनुवंशिकता, बैठं काम, दारू आणि धूम्रपानही आहेच.

वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. 160 सेंटिमीटर उंचीला 80च्या आत. आतड्यांभोवतीची, यकृतातली चरबी वाढली की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पोट अचानक वाढलं, दुखतंय, किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तर माझ्याआधी डॉक्टरांकडे जा. औषध मात्र परस्पर बंद करू नका.