ब्राउझरमध्ये चालणारं पायथॉन कन्सोल वर्गात वापरलं तर पेटंटची अडचण येईल का?

तुम्ही विचारलंय की डिप्लोमाच्या मुलांना पायथॉन शिकवताना काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमधलंच कन्सोल (ओळ टाइप केली की लगेच चालवून उत्तर दाखवणारी चौकट) वापरायचा विचार आहे, पण विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणतात, "असलं कन्सोल सिल्व्हरलाइटवरही होतं, ते पेटंटच्या भानगडीत अडकून संपलं, जपून राहा." सिल्व्हरलाइट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्लगइन, ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्राम. सरांचं म्हणणं निराधार नाही. मात्र सिल्व्हरलाइट नेमकं कशामुळे गेलं हे नीट पाहिलं, तर तुमचा निर्णय सोपा होईल.

ब्राउझरमधली कन्सोल दोन जातींची असतात. एकात तुम्ही टाइप केलेली ओळ सर्व्हरकडे जाते, तिथला इंटरप्रिटर ती चालवतो आणि उत्तर परत येतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं 'सायलॅब ऑन क्लाउड' (सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर) या जातीचं. रूबी ही प्रोग्रामिंग भाषा शिकवणारं 'ट्राय रूबी'ही तसंच होतं. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच्या कर्त्याने आपली संकेतस्थळं अचानक काढून टाकली, त्यात तेही गेलं. पुढे इतरांनी ते पुन्हा उभं केलं. म्हणजे या जातीत सगळं सर्व्हर सांभाळणाऱ्यावर अवलंबून.

दुसऱ्या जातीत इंटरप्रिटरच तुमच्या ब्राउझरमध्ये येतो. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या सिल्व्हरलाइट २ ने हे शक्य केलं. त्या छोट्या प्लगइनमध्ये डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेचा गाभा होता आणि त्यावर जिम ह्युगुनिनने सुरू केलेलं आयर्नपायथॉन, म्हणजे डॉटनेटवर चालणारं पायथॉन, चालायचं. पानावर कन्सोल दिसे, कोड मुलाच्याच मशीनवर चाले, आणि अनंत लूप लागला तर त्रास फक्त त्यालाच. त्या काळात मला हे फार मोलाचं वाटलं होतं, आजही वाटतं. आयर्नपायथॉनचा सोर्स खुला होता आणि त्याच्या परवान्यात पेटंटची परवानगीही होती. पण खालचं सिल्व्हरलाइट बंदिस्त. घर आपलं, जागा मात्र दुसऱ्याची, अशी ती अवस्था.

लिनक्सवाल्यांसाठी नोव्हेल कंपनीत मिगेल दे इकाझाच्या चमूने सिल्व्हरलाइटला मुक्त पर्याय म्हणून 'मूनलाइट' लिहिलं, आणि सर सांगतात ती भानगड इथली. नोव्हेंबर २००६ मध्ये नोव्हेल आणि मायक्रोसॉफ्टने पेटंटबाबत करार केला होता. मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलं की लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचं उल्लंघन करतं. ती पेटंटं कोणती, याची यादी मात्र दिली नाही. मूनलाइट वापरणाऱ्यांवर खटला भरणार नाही असं वचन मायक्रोसॉफ्टकडून मिळालं, पण सुरुवातीला ते फक्त नोव्हेलकडून मूनलाइट घेणाऱ्यांपुरतं होतं. मी तेच सॉफ्टवेअर तुम्हाला पेनड्राइव्हवर दिलं, तर वचन तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा व्यवहारच पुढे देण्यावर चालतो, त्यामुळे फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने मूनलाइट आपल्या वितरणात घेतलं नाही. जुलै २००९ मध्ये आणखी एक वचन आलं, पण ते ईसीएमए या मानक संस्थेने प्रमाणित केलेल्या सी-शार्प भाषेपुरतं आणि ती चालवणाऱ्या रनटाइमपुरतंच. सिल्व्हरलाइटचा उरलेला भाग बाहेरच राहिला. नोव्हेलची अट सैल झाली ती डिसेंबर २००९ मध्ये. तोवर ज्यांनी मनापासून हातभार लावला असता, असे बरेच लोक दूर गेले होते.

मूनलाइटवर पेटंटचा खटला कधी झालाच नाही. सिल्व्हरलाइट संपलं ते मालकाचा रस संपला म्हणून. आयफोनने ब्राउझर प्लगइन घेतले नाहीत, प्लगइनशिवाय तीच कामं करणारं वेबपानांचं मानक एचटीएमएल ५ पुढे गेलं, डिसेंबर २०११ ची पाचवी आवृत्ती शेवटची मोठी ठरली. २०१२ मध्ये दे इकाझाने मूनलाइटवरचं काम थांबल्याचं सांगितलं. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या प्लगइनांचा आधार काढला, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, आणि १२ ऑक्टोबर २०२१ ला मायक्रोसॉफ्टने अधिकृत साथ सोडली. त्यावर अभ्यासक्रम बांधणाऱ्याला दाद मागायला जागा नव्हती, कारण सोर्स हातात नव्हता आणि पर्याय लिहिणाऱ्यांना पेटंटच्या भीतीने आधीच पांगवलं होतं. पेटंटपेक्षा मला हीच गोष्ट जास्त लागते.

पेटंटचा फटका बंदिस्त कंपन्यांनाही बसतो. वेबपानात परस्परसंवादी प्रोग्राम बसवण्याच्या कल्पनेवर इओलास कंपनीकडे अमेरिकेत १९९८ चं पेटंट होतं. २००३ मध्ये ज्युरीने त्यावरून मायक्रोसॉफ्टलाच सुमारे ५२ कोटी डॉलर भरायला सांगितले. २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्लगइन वापरण्याआधी त्यावर एक जादा क्लिक करावी लागू लागली, ती याच वादापायी. मायक्रोसॉफ्टने पुढे तडजोड केली. शेवटी २०१२ मध्ये टेक्ससमधल्या ज्युरीने इओलासचे दावे अवैध ठरवले. टिम बर्नर्स-ली स्वतः साक्षीला गेले होते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फेब्रुवारी २००४ मध्ये रॉयल्टीमुक्त पेटंट धोरण स्वीकारलं. मानक घडवणाऱ्या गटात बसायचं, तर त्यासाठी अत्यावश्यक असलेली आपली पेटंटं सगळ्यांना विनाशुल्क खुली करायची.

तुमच्या कामाचा भाग हाच. आजची दुसऱ्या जातीची पायथॉन कन्सोल बहुतेक पायोडाइडवर चालतात. ते २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालं. त्यात नेहमीचा पायथॉन इंटरप्रिटर, म्हणजे सीपायथॉन, वेबअसेंब्लीत (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा कोडच्या रूपात) कंपाइल केलेला असतो, आणि वेबअसेंब्ली डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे. पायोडाइडचा परवाना एमपीएल २.० (मोझिलाचा मुक्त परवाना), त्यात सहभागी लेखकांकडून पेटंटची परवानगी स्पष्ट शब्दांत मिळते, आणि ती प्रत तुम्हाला कुणाकडून मिळाली यावर ठरत नाही. मूनलाइटच्या वचनात हेच नव्हतं. शिवाय आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. २००४ च्या अध्यादेशाने ती तरतूद सैल केली होती, २००५ मध्ये संसदेने तो बदल टिकू दिला नाही. तांत्रिक परिणाम दाखवून पेटंटं मिळतात, त्यामुळे धोका शून्य म्हणणार नाही. पण वर्गात शिकवण्यापुरतं मी निर्धास्त राहीन.

तेव्हा पायोडाइड किंवा त्यावरचं ज्युपिटरलाइट (ब्राउझरमध्येच चालणारी ज्युपिटर नोटबुक) घ्या, आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावर वापरण्याऐवजी सगळ्या फाइली उतरवून लॅबमधल्या एका मशीनवर साध्या वेब सर्व्हरने द्या. पानं डिस्कवरून डबल क्लिक करून उघडू नका, ब्राउझर वेबअसेंब्लीची फाइल अडवतो. पहिल्यांदा काही एमबी उतरतात. लॅनवर ते जाणवणार नाही. बाहेरचं इंटरनेट बंद करून एकदा तास घेऊन बघा. मुलांचं काम साध्या .पीवाय फाइलींतच जतन करायला लावा. थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवणं) आणि सॉकेट (नेटवर्कवर थेट जोडणी) मात्र यात चालत नाहीत, त्या प्रात्यक्षिकांसाठी मशीनवर नेहमीचं पायथॉन टाकावंच लागेल.