पुण्यात इतिहासात पीएच.डी. झाली आहे, पुढे गोवा–इटली संबंधांवर काम करायचं आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या इटालियन अकॅडमीच्या फेलोशिपसाठी तयारी कशी करावी? इटालियन यायलाच हवी का?

अर्ज जरूर करा. पण आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा: पुढचं वर्ष तुम्हाला कागदपत्रं शोधायला हवं आहे, की सापडलेल्या कागदपत्रांवर बसून लिहायला? शोधायला हवं असेल तर न्यूयॉर्कला जाऊन उपयोग नाही, कारण तुमचे कागद रोम, फ्लोरेन्स, लिस्बन आणि पणजीत आहेत. लिहायला हवं असेल तर अकॅडमी उत्तम. माझ्या मते चांगल्या विषयांचे अर्ज इथेच कच्चे पडतात. आराखड्यात वाचायचे सगळे कागद इटलीतले आणि मुक्काम मात्र अकॅडमीच्या पत्त्यावर, न्यूयॉर्कच्या अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, ही विसंगती निवड करणाऱ्यांना पहिल्या पानावरच दिसते.

संस्थेचं पूर्ण नाव इटालियन अकॅडमी फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज इन अमेरिका. इटलीचं सरकार आणि कोलंबिया विद्यापीठ यांच्यातल्या करारातून ती १९९१ साली उभी राहिली. इथे पदवी मिळत नाही. पदव्या देणारा इटालियन विभाग विद्यापीठात वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत करून चुकीच्या ठिकाणी ईमेल पाठवू नका. अकॅडमी ज्या इमारतीत आहे ती कासा इतालियाना १९२७ची, मकिम, मीड अँड व्हाइट यांनी रेखाटलेली. पैसा न्यूयॉर्कच्या इटालियन-अमेरिकन बांधकाम व्यावसायिकांचा होता, त्यात पातेर्नो बंधू पुढे होते. कोलंबियातलं इटालियन त्याहून कितीतरी जुनं आहे. मोझार्टच्या तीन ऑपेरांची संहिता लिहिणारे लोरेंझो दा पोन्ते १८२५ साली तिथले इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. १९३०च्या दशकात जुझेप्पे प्रेझ्झोलिनी संचालक असताना या कासावर फॅसिस्ट प्रचाराचा आरोप झाला. न्यूयॉर्कच्या ‘द नेशन’ साप्ताहिकाने १९३४ साली तो छापला आणि मोठा वाद पेटला. परदेशातली सांस्कृतिक संस्था आणि तिच्यामागचं सरकार यांचं नातं हा तुमच्या अभ्यासाचा भाग असेल, तर हे प्रकरण जरूर वाचा.

मराठी वाचकासाठी आणखी एक गोष्ट. कासाच्या अगदी जवळ, ११८व्या रस्त्यावरच्या इंटरनॅशनल अफेअर्स इमारतीतल्या लेहमन ग्रंथालयात डॉ. आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली तेही १९२७ सालीच. इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी आणि आंबेडकर यांना शेजारी ठेवून वाचण्याचं काम गेल्या काही वर्षांत गंभीरपणे सुरू झालं आहे. मराठीतले मूळ लेखन वाचू शकणारा माणूस त्यात मोलाची भर घालू शकतो.

आता फेलोशिप. ती पीएच.डी. नंतरची आहे, एका सत्राची किंवा पूर्ण शैक्षणिक वर्षाची, आणि राष्ट्रीयत्वाची अट नाही. मानधन, कासामध्ये बसायला खोली आणि विद्यापीठाची ग्रंथालयं मिळतात. त्या बदल्यात तिथे राहावं लागतं, फेलोंच्या नियमित चर्चासत्राला हजर राहावं लागतं आणि एकदा आपलं काम मांडावं लागतं. या चर्चासत्राची गंमत अशी की टेबलाभोवती कलेतिहासकारांबरोबर मेंदूविज्ञान आणि मनोविकारशास्त्राचे लोकही असतात. सांस्कृतिक स्मृती हा संस्थेचा जुना धागा, आणि विज्ञान व मानव्यविद्या यांना एकत्र आणणं हे तिचं घोषित काम. म्हणून तुमचा आराखडा इतिहासाबाहेरच्या माणसालाही एका वाचनात कळला पाहिजे. ‘पाद्रोआदो’ हा शब्द वापरायचा तर लगेच पुढे सांगा: पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर पोपने दिलेला अधिकार. गोव्यात जे सगळ्यांना ठाऊक, ते त्या टेबलावर कुणालाच ठाऊक नसतं.

विषय निवडताना ‘गोवा आणि इटली’ इतका सैल ठेवू नका. एक वस्तू, एक माणूस किंवा एक घटना घ्या. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकेतली सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधीच घ्या. खालचा रंगीत दगडांचा चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो दे मेदिची यांनी दिला. फ्लोरेन्समध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांच्या कार्यशाळेत तो घडला, सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने आला आणि १६९८ साली गोव्यात जोडला गेला. जोडायला प्लाचिदो रांपोनी हा कारागीर फ्लोरेन्सहून मुद्दाम आला होता. चौथऱ्यावर संताच्या चरित्रातले प्रसंग दाखवणारे काशाचे चार पट्ट आहेत. पण वर जी चांदीची पेटी दिसते ती साठेक वर्षं आधीची, १६३०च्या दशकातली, आणि गोव्यातल्या सोनारांच्या हातची. म्हणजे एकाच वास्तूत वर गोवा, खाली फ्लोरेन्स, आणि वरचा भाग जुना. आधीच असलेल्या पेटीला बेतून चौथरा करायचा तर फ्लोरेन्समध्ये बसलेल्या माणसाकडे मापं कशी पोहोचली असतील? हा प्रश्न घेऊन लिहिलेला आराखडा ‘मेदिचींची उदारता’ या मथळ्याच्या आराखड्यापेक्षा कैक पटीने बळकट ठरेल.

माणूस घ्यायचा असेल तर माझा कौल मातेउस द कास्त्रो यांना. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घरातला हा मुलगा गोव्यात वाव मिळेना म्हणून रोमला गेला, तिथे शिकला, १६३७ साली बिशप झाला आणि पोपचा प्रतिनिधी म्हणून आदिलशाही मुलखात परतला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांचा उभा संघर्ष झाला. १६२२ साली रोममध्ये स्थापन झालेली ‘प्रोपागांदा फीदे’ ही धर्मप्रसार संस्था त्यांच्या पाठीशी होती, म्हणून त्यांच्याविषयीचे कागद तिच्याच संग्रहात शोधायचे.

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची १५८३ची घटनाही मोठी आहे. अकबराच्या दरबारात जाऊन आलेले रोदोल्फो आक्वाव्हिवा हे इटालियन जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाचे पाद्री) तिथे गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. इटालियन बाजूने त्यावर हौतात्म्याचं विपुल लेखन आहे. गावकऱ्यांच्या बाजूने पाहायचं तर पणजीच्या पुराभिलेख खात्यातले गावकारीचे (गावाच्या सामुदायिक कारभाराचे) आणि जमिनीचे दप्तर वाचावे लागतील. तुम्ही दोन्ही वाचू शकत असाल तर आराखड्यात ते ठळक लिहा.

फ्लोरेन्सचे व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३च्या अखेरीस कोचीत पोहोचले, मिरीच्या खरेदीवर देखरेख केली आणि १५८८ साली गोव्यात वारले. त्यांच्या पत्रांतला संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या साम्याचा उतारा सगळेच उद्धृत करतात, त्यावर आणखी एक प्रकरण नको. मिरीचे भाव, वजनं, उधारी याबद्दल ते काय लिहितात तिथे अजून जागा आहे.

इथे तारखांचा एक सापळा आहे. फ्लोरेन्समध्ये १७५०पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फ्लोरेन्सच्या रीतीने लिहिणाऱ्याच्या पत्रावर ‘जानेवारी १५८३’ असेल तर आपल्या हिशोबाने ते १५८४. हे न ओळखल्यास माणूस भारतात पोहोचण्याआधीच भारतातून पत्र लिहितो आहे असं दिसतं. रोम, व्हेनिस आणि पोर्तुगीज प्रशासन यांच्या रीती वेगळ्या, त्यात १५८२ची दिनदर्शिका-सुधारणा (ज्युलियनऐवजी ग्रेगोरियन). टिपणं काढताना कागदावरची तारीख आणि दुरुस्त तारीख अशा दोन रकान्यांत लिहा. नंतर दुरुस्त करायला बसलात तर कोणती आधीच बदलली होती ते आठवत नाही.

कागद कुठे आहेत? जेझुइटांचे रोममधल्या त्यांच्या मध्यवर्ती अभिलेखागारात, तिथे ‘गोवा’ या नावाचीच मालिका आहे. मेदिचींचे फ्लोरेन्सच्या राज्य अभिलेखागारात, ‘मेदिचेओ देल प्रिंचिपातो’ या संग्रहात. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांत संशोधनासाठी स्वतःच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता फोटो काढायला २०१७पासून पैसे पडत नाहीत. चर्चच्या संग्रहांचे नियम वेगळे असतात, आणि ओळखपत्रासोबत विद्यापीठाचं शिफारसपत्र लागतं. ऑगस्टमध्ये रोमचं तिकीट काढू नका, बऱ्याच वाचनखोल्या बंद असतात.

शोधण्याचं काम बाकी असेल तर अकॅडमीआधी व्हिला इ तात्तीचा विचार करा. फ्लोरेन्सबाहेरचं हे घर आणि ग्रंथालय कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांनी हार्वर्ड विद्यापीठाला दिलं. इटालियन प्रबोधनकाळावरचं हार्वर्डचं संशोधन केंद्र तिथे आहे, अभ्यासकाळ साधारण चौदावं ते सतरावं शतक. वर्षभराच्या मुख्य फेलोशिपशिवाय काही महिन्यांच्या फेलोशिपही असतात, आणि त्यातली बेरेन्सन यांच्या नावाची फेलोशिप इटली आणि बाहेरचं जग यांच्या संबंधांसाठी आहे. गोव्याचा विषय तिथे बरोबर बसतो. आधी इ तात्ती, मग लिहायला कोलंबिया, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

भाषेबद्दल. अकॅडमीचं कामकाज इंग्रजीत चालतं, बोलता येणारी इटालियन ही अट नाही. पण मूळ इटालियन कागदांवर विषय उभा करून ‘भाषा शिकतो आहे’ असं लिहिलंत तर अर्ज तिथेच संपतो. वाचनापुरती बी-२ पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची मध्यम-वरची) हे किमान धरा. परीक्षा द्यायची तर सिएनाची चिल्स, पेरूजाची चेली आणि दान्ते अलिगिएरी सोसायटीची प्लिदा या मान्यताप्राप्त आहेत. तुमच्या विषयाला पोर्तुगीजही लागेल, आणि जुनं हस्ताक्षर वाचण्याचा सराव वेगळा करावा लागेल. व्यापाऱ्यांचं ‘मेर्कांतेस्का’ वळण छापील इटालियन येणाऱ्यालाही सुरुवातीला अजिबात लागत नाही. सराव छापून आलेल्या पत्रांवर करा: मूळ पानाचा फोटो एका बाजूला, छापील पाठ दुसऱ्या बाजूला, रोज अर्धं पान.

आराखड्याचा पहिला परिच्छेद दीडशे शब्दांत बसवा आणि त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: प्रश्न, पुरावा कुठला, आणि हे काम याच ठिकाणी का. ‘आजवर दुर्लक्षित राहिलेला विषय’ हे वाक्य काढून टाका. दुर्लक्षित असणं हे काही अभ्यासाचं कारण नव्हे. कागदांचा उल्लेख संग्रह, मालिका आणि खंड क्रमांकासह करा, म्हणजे तुम्ही ते पाहिले आहेत हे न सांगता कळतं. शेवटी महिन्यांप्रमाणे काम लिहा, पण एका सत्रात एक प्रकरण किंवा एक लेख यापलीकडे आश्वासन देऊ नका.

आपल्याकडच्या अर्जांत सर्वांत जास्त नुकसान शिफारसपत्रांमुळे होतं. ‘विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक व शिस्तप्रिय आहे’ हे चारित्र्याच्या दाखल्याचं वळण तिथे चालत नाही. पत्रात तुमच्या कामातला एखादा युक्तिवाद आणि त्यावरचं मत हवं. सरांना किंवा मॅडमना सहा आठवडे आधी सांगा, सोबत आराखडा आणि आपल्या प्रबंधाचा एका पानाचा गोषवारा द्या. पत्र बहुतेक वेळा त्यांना थेट आलेल्या दुव्यावरून चढवायचं असतं. दुवा स्पॅममध्ये जातो आणि मुदत उलटते, तेव्हा दुवा आला का हे दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारा. एक तरी पत्र गाइडखेरीज दुसऱ्याचं, शक्यतो दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाचं असू द्या.

मुदतीची तारीख दरवर्षीच्या जाहिरातीतच पाहा. पदवीदान लांबलं असेल तर विद्यापीठाकडून पीएच.डी.चं तात्पुरतं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. आपल्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, कधी आईचं नावही असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्ज आणि पुढचे सगळे कागद पासपोर्टप्रमाणेच भरा.

निवड झाली तर जे-१, म्हणजे अमेरिकेत देवाणघेवाण कार्यक्रमांवर येणाऱ्यांचा व्हिसा. डीएस-२०१९ हा कागद विद्यापीठ देतं, त्यावर सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या नोंदणी यंत्रणेचे २२० डॉलर भरून मुलाखतीची वेळ घ्यायची. त्या कागदावरचा प्रकार नीट वाचा. ‘रिसर्च स्कॉलर’ असेल तर कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्याच प्रकारात परत जाता येत नाही, मुक्काम चारच महिन्यांचा असला तरीही. एकाच सत्रासाठी जात असाल तर सहा महिन्यांपर्यंतचा ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ प्रकार मिळेल का हे कागद तयार होण्याआधी विचारा, नंतर बदलणं अवघड. आरोग्य विमा प्रत्येक आजारामागे किमान १,००,००० डॉलरचा हवा, इथली स्वस्त प्रवास पॉलिसी बहुधा पुरत नाही. मानधनातून कर कापला जाऊ शकतो. भारत–अमेरिका कर-करारातलं संशोधकांसाठीचं २२वं कलम तुमच्या रकमेला लागू होतं का, हे पोहोचल्याबरोबर विद्यापीठाच्या कर विभागाला विचारा.

इटलीला गेलात तर ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्कामासाठी डी प्रकारचा व्हिसा लागतो, आणि पोहोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत ‘पेरमेस्सो दी सोज्जोर्नो’ या राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. त्याचा संच टपाल कार्यालयात मिळतो.

हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी ज्यांची पीएच.डी. अजून झालेली नाही त्यांनी अकॅडमीला अर्ज करू नये, अट पूर्ण होत नाही. त्यांच्यासाठी इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या आणि इटालियन विद्यापीठांची साधारण तीन वर्षांची पीएच.डी. हे मार्ग आहेत. तिथल्या जाहिरातीला ‘बांदो’ म्हणतात, आणि परदेशी पदवी पडताळण्याचे कागद तयार व्हायला वेळ लागतो म्हणून ते काम बांदो निघण्याची वाट न पाहता सुरू करावं.