आधी खातं विचार

प्रिय बाळ,

परवा गड्ड्याच्या जत्रेतून परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "काका, मला दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच बोलता येत नाही." तेव्हा मी गप्प बसलो. मला चटकन उत्तर सुचलं नाही. दोन रात्री गेल्या, आता लिहितो.

तुझ्या कंपनीच्या अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयात वंश आणि प्रतिनिधित्व यासाठीचे कार्यक्रम ठेवायचे की गुंडाळायचे यावर चर्चा आहे आणि हिंजवडीतून तुला दहा मिनिटं बोलायचंय. एक बाजू म्हणते, गुण बघा, रंग बघू नका. दुसरी म्हणते, समाजात जेवढे आहेत तेवढे कंपनीत दिसले पाहिजेत. दोन्ही बाजूंच्या स्लाइड तू मला मोबाइलवर दाखवल्यास. अन्याय वाईट असतो हे तुला मी सांगायला नको. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. एवढ्या स्लाइड, एवढे गोल, एवढे रंग, आणि एकाही स्लाइडवर खातं नाही.

आपल्या सोलापुरासारख्या गिरणीच्या गावातल्या मुलीला खातं म्हणजे काय हे सांगावं लागावं, यात चूक आमची आहे. तुमच्या पिढीने भोंगा ऐकला नाही. माझ्या लहानपणी कुणी "गिरणीत आहे" म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "कुठल्या खात्यात?" रिंग खातं, वाइंडिंग, साचा खातं म्हणजे विणकाम, फोल्डिंग. त्या एका शब्दात माणसाचा पगार कळायचा, छातीत किती कापूस जाणार ते कळायचं, त्याच्या मुलीला कसं स्थळ येणार तेही कळायचं. "गिरणीत आहे" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नसे.

मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगार भरपूर होते. नुसती डोकी मोजली असती तर कुणी म्हणालं असतं, बघा, इथे भेदभाव नाही. पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत, आणि जास्त पगार तिथेच होता. कारण काय, तर नवी कांडी लावली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, की सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत आहे का? गिरणीत घ्या एवढंच ते म्हणत नव्हते. खातं विचारत होते.

आता अमेरिकेकडे बघ. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीय कामगार होते. सगळे एका खात्यात, मजुरी खात्यात. त्या खात्यातला सगळ्यात मोठा पगार बाकीच्या खात्यांतल्या सगळ्यात लहान पगारापेक्षा कमी होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्याचं नोकऱ्यांबद्दलचं सातवं प्रकरण २ जुलै १९६५ ला लागू झालं, आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांत जायला लेखी चाचण्यांची अट घातली. शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची अट होतीच. कुणाचा रंग विचारला नाही. पण तो दाखला नसलेले गोरे कामगार त्याच खात्यांत आधीपासून होते आणि काम नीट करत होते. तेरा कामगार कोर्टात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की कामाशी ज्या अटीचा संबंध दाखवता येत नाही आणि जी एका समाजाला बाहेर ठेवते, ती अट चालणार नाही, हेतू कितीही स्वच्छ असो.

हा निकाल तू मूळातून वाच. गुणवत्तेची बाजू मांडणाऱ्यांशी भांडू नकोस, त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांना एवढंच विचार, गुण कुठल्या कामाचे? कुठल्या खात्याचे? बॉयलरवर उभं राहायला शाळेचा दाखला कशाला, हे ड्यूक पॉवरला सांगता आलं नाही. तुमच्याकडे टेस्टिंगच्या कामाला फाडफाड इंग्रजी कशाला, हे तुमच्या मॅनेजरला सांगता येतं का?

आणि समाजात इतके टक्के म्हणून कंपनीतही तितकेच हवेत, असं म्हणणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचार. गेटवरचे, कँटीनमधले, साफसफाईचे धरून टक्के भरले तर त्यांचं समाधान होणार आहे का? की ते लोक कंत्राटी आहेत म्हणून मोजतच नाहीत? आमच्या वेळी बदली कामगार असत. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कुणी गैरहजर असला तर आत जायचे. कायम कामगारांच्या यादीत त्यांचं नाव नसे. तुमच्या इमारतीत रात्री फरशी पुसणारी बाई कुणाच्या यादीत आहे, ते शोध.

तुमच्याकडची ही घाई कुठून आली ते तुला ठाऊक असेलच. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवर भेदभाव न करता समान संधी देण्याचं बंधन घालणारा अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. पण १९६४ चा कायदा आहे तिथेच आहे, आणि वंशावरून नोकरी नाकारायची त्यातली बंदी गोऱ्या माणसालाही संरक्षण देते. आपल्याकडचं आरक्षण हे सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात, घटनेच्या आधारावर आहे. तिकडच्या खासगी कंपनीतले हे कार्यक्रम म्हणजे आरक्षण नव्हे. हिंजवडीतले तुझे मित्र दोन्हीची मिसळ करतात, तू करू नकोस. वंश आणि जात एक नाहीत, दोघांचा इतिहास वेगळा आहे. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच विचारता येतो, आणि तो मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

त्या कायद्यानंतर तिकडे एक फॉर्म आला. शंभर किंवा जास्त नोकर असलेल्या खासगी कंपनीने तो दरवर्षी भरायचा. त्यात वंशाचे रकाने आहेत, पण आडव्या ओळी दहा आहेत. सगळ्यात वरचे अधिकारी, मधले अधिकारी, व्यावसायिक, तंत्रज्ञ, विक्री, कारकुनी, कारागीर, यंत्रावरचे, मजूर, सेवा. बाळ, ती खाती आहेत! ज्यांनी तो फॉर्म आखला त्यांना एकूण आकड्याचं पोकळपण कळलं होतं. गूगलने २०१४ साली पहिल्यांदा आपले आकडे जाहीर केले, ते बघ. अमेरिकेतल्या नोकरांत कृष्णवर्णीय २ टक्के, तांत्रिक कामात १ टक्का. आशियाई तांत्रिक कामात ३४ टक्के, आणि वरच्या पदांवर २३. एकच कंपनी, एकच वर्ष. खातं बदललं की आकडा बदलतो. आशियाई या एका रकान्यात आपल्याकडचे, चीनचे, फिलिपिन्सचे सगळे एकत्र, आणि आपल्यातला कोण कुठल्या आळीतून गेला ते त्यात दिसत नाही. सिअ‍ॅटल शहराला २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली, ती उगाच नाही.

आता माझं सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

बावीस वर्षांचा असताना मी इथल्या एका गिरणीच्या लेबर ऑफिसात कारकून लागलो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी, आपलं सोलापूर. वडील साचा खात्यात होते. त्यांना आमच्याच पेठेतल्या जॉबरने, म्हणजे माणसं भरती करणाऱ्या मुकादमाने, लावलं होतं. जॉबर आपल्या भाषेचे, आपल्या नात्यातले लोक आणायचा. बाहेरच्याला गिरणीत जागा रिकामी आहे हेच कळायचं नाही. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं होतं की भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. म्हणजे मी ज्या कचेरीत बसलो होतो ती कचेरीच या दुखण्यावरचं औषध म्हणून निघाली होती.

आणि त्या कचेरीत माझ्या टेबलावर अर्ज यायचे. काही अर्जांवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका असे. तो ठिपका साहेब करत. ठिपक्याचे अर्ज मी वेगळ्या फायलीत लावायचो आणि ती फाइल पुढे जायची नाही. पहिल्या महिन्यातच मला कळलं की त्या सगळ्या अर्जांवर पत्ता एकच आहे, सेटलमेंट. तुला तो भाग माहीत आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, त्यांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी घेत होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक कायद्याने मोकळे झाले. पंचवीस वर्षांनी मी त्यांचे अर्ज फायलीत बंद करत होतो.

एक मुलगा आयटीआय झालेला होता. फिटर. दोनदा अर्ज केला, दोनदा मी ठिपक्याच्या फायलीत लावला. तिसऱ्यांदा तो स्वतः खिडकीशी आला आणि विचारलं, "माझा अर्ज कुठवर आलाय?" मी म्हणालो, "विचाराधीन आहे." त्याचं नाव आज आठवत नाही. पत्ता आठवतो.

मी काय करू शकत होतो, असं तू विचारशील. वडिलांची नोकरी संपत आली होती, आई घरी विड्या वळत होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. साहेबांना विचारलं असतं तर मला काढलं असतं. हे सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट मला करता येत होती आणि ती मी केली नाही. एका वहीत तारीख, खातं आणि ठिपका एवढं लिहून ठेवता आलं असतं. त्याला धाडस लागत नव्हतं, दौत लागत होती.

पुढे कितीतरी वर्षांनी शिकागो आणि बॉस्टनमधला एक प्रयोग वाचनात आला. मरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी सारख्याच पात्रतेचे सुमारे पाच हजार खोटे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. चांगल्या वस्तीचा पत्ता असला तरीही बोलावणी वाढत होती. २००४ चा तो लेख. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी आपल्याकडे खासगी कंपन्यांना असेच अर्ज पाठवले, आणि दलित व मुसलमान नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. ते वाचताना मला माझी पेन्सिलीच्या ठिपक्यांची फाइल दिसत होती.

तू म्हणालीस तुमच्याकडे ओळखीचा माणूस आणून दिला की बक्षीस मिळतं. अगं, तो जॉबरच आहे! पेठेऐवजी कॉलेज आलं एवढंच. तुमच्या टीममधले किती जण ओळखीने आले, ते मोज. खात्याप्रमाणे मोज.

माझी दुसरी चूक पुण्यातली, आणि ती जास्त लागते, कारण तेव्हा मी लहान नव्हतो. गिरणीनंतर मी एका इंजिनीअरिंग कारखान्यात गेलो, तिथे परदेशी भागीदार होता. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वंचित समाजातले लोक किती? मी एकूण आकडा दिला. चांगला भरला. कौतुक झालं, साहेबांनी पाठ थोपटली. त्यातले जवळपास सगळे लोडिंगला, कँटीनला आणि पेंट शॉपच्या धुरात होते, आणि हे मला तोंडपाठ होतं. कुणी खातं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आकडा खरा होता, बाळ. त्या खऱ्या आकड्याने मी खोटं बोललो.

पुढच्या वर्षापासून मी खात्याप्रमाणे तक्ता द्यायला लागलो. किती अर्ज आले, किती बोलावले, किती घेतले, किती वर चढले, किती सोडून गेले. तो कुणी मागितला नव्हता. साहेब म्हणाले, एवढं कशाला. मी देत राहिलो. माझ्या मागून आलेले दोघे माझ्या पुढे गेले. हट्टी म्हणाले, आणि तुझ्या काकूही म्हणत. आजही कुणी म्हणालं की काय मिळवलंस, तर मी सांगतो, टूल रूममध्ये पहिल्यांदा वंचित समाजातल्या पोरांना घ्यावं लागलं. तक्त्यात तिथे शून्य दिसत होतं आणि ते शून्य दरवर्षी साहेबांच्या टेबलावर जात होतं. दुसरा कुठला मार्ग चालला असता असं मला वाटत नाही.

एक इशारा. तुझ्या शेवटच्या स्लाइडवर तू लिहिलंयस की वैविध्याने नफा वाढतो. ते काढ. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१५ च्या अहवालापासून सगळे तेच म्हणतात. २०२४ मध्ये दोन अभ्यासकांनी तशीच तपासणी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवर करून पाहिली, त्यांना तसं आढळलं नाही. कुणी हे तोंडावर फेकलं तर तुझी दहा मिनिटं तिथेच संपतील. त्या फिटर मुलाला घेतल्याने गिरणीचा नफा वाढला असता की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. त्याला फिटरचं काम येत होतं.

तर बोलायला उभी राहशील तेव्हा भाषण करू नकोस. दोन्ही बाजूंचं ऐक आणि म्हण, मला तक्ता द्या. कुठल्या खात्यात किती, आणि कंत्राटी लोकांची ओळ वेगळी. देणार नाहीत, हे मला माहीत आहे. गोपनीय आहे म्हणतील. मग वही काढ. कुणाला विचारलं, कुठल्या तारखेला, काय उत्तर आलं, एवढं लिही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचार, त्याच वहीत दुसरी ओळ लिही. वही साधी, रेघांची घे. मधल्या मारुतीजवळून मी तुझ्यासाठी एक आणून ठेवली आहे, शनिवारी आलीस की ने.

तुझा
काका