मामांची ट्रंक नेमकी कुणाच्या मालकीची?

प्रश्न : सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी एका ट्रंकेत मामांचा संग्रह आहे. ते व्यापारी जहाजावर नोकरीला होते. जावातल्या कातडी बाहुल्या, आफ्रिकेतले लाकडी मुखवटे, नेपाळचा थांका (कापडावरचं बौद्ध धार्मिक चित्र), हस्तिदंताची एक डबी आणि कुडाळकडून आणलेली चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या लोककलेची, जुनी पोथी. लग्न केलं नव्हतं, गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. आई आणि मावशी हयात आहेत. एक व्यापारी सगळं एकरकमी घ्यायला तयार आहे. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, पोथी मला कुरिअरने पाठवा, ‘हॅंडिक्राफ्ट’ लिहिलं की झालं. काय करू?

उत्तर : कुरिअर करू नका आणि व्यापाऱ्याकडून इसारही घेऊ नका. आधी एक गोष्ट बघू, जी तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. ट्रंक तुमच्या घरात आहे, पण ती तुमची नाही. मामांना बायको-मुलं नव्हती, आई-वडील आधीच गेले असणार. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे भावा-बहिणींचा हक्क भाच्याच्या आधी येतो. दुसरा भाऊ-बहीण नसेल तर मालक तुमची आई आणि मावशी, निम्मी-निम्मी. त्यांना तुम्हाला द्यायचं असेल तर तसा साधा लेख करून, दोन साक्षीदारांसमोर वस्तू हाती द्याव्यात. जंगम वस्तूचं बक्षीस ताबा देऊन पूर्ण होतं, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. मावशींना न विचारता व्यवहार केलात तर उद्या त्यांची मुलं कोर्टात उभी राहतील. मी साताऱ्यात वकिली करतो, पितळी समईवरून भावंडं वर्षानुवर्षं तारखा घेताना पाहिली आहेत.

आता पोथी. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ मध्ये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा कलात्मक वस्तू म्हणजे पुरावशेष. हस्तलिखितं आणि कागदपत्रांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. वय मोजायचं ते वस्तू घडली तेव्हापासून, मामांनी विकत घेतली तेव्हापासून नव्हे. असा पुरावशेष देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था पाठवू शकते. तुम्ही-आम्ही नाही, मुलासाठी असला तरी नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. ‘हॅंडिक्राफ्ट’ लिहून पाठवलं तर कस्टम्सपुढे खोटं निवेदन केल्याचा मुद्दा वेगळाच. वस्तू शंभर वर्षांच्या आतली वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेता येतो. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे. वय ठरवण्याचा शेवटचा शब्द त्यांचाच, व्यापाऱ्याचा नाही.

बहुतेकांचा इथे गैरसमज होतो: कायदा फक्त आपल्या देवादिकांच्या मूर्तींना आहे असं वाटतं. वस्तू जावात घडली की आफ्रिकेत, हे या व्याख्येत विचारलेलंच नाही. शिवाय चित्रं, सचित्र हस्तलिखितं आणि दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत, माती यांतली जुनी शिल्पं यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. ती जबाबदारी मालकावरच नाही, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्यावरही आहे. ताबा आल्यापासून पंधरा दिवसांची मुदत आहे, ती तुमची उलटून गेली. तरीही स्वतःहून, फोटो जोडून अर्ज करा. स्वतःहून गेलेला माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांच्याकडे यंत्रणा एकाच नजरेने बघत नाही. थांक्याची पावती शोधा, कारण जुनी कलावस्तू नेपाळबाहेर न्यायला तिथल्या पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.

डबीला हात लावू नका. आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याने बंद केला आहे. विकणं नाही, फोटो टाकून गिऱ्हाईक शोधणं नाही. मामांनी कधी वनखात्याकडे घोषणा केली होती का, ते कागद धुंडाळा आणि ते मिळोत न मिळोत, वकिलाला सोबत घेऊन वनखात्याकडे जा.

विकायचंच ठरलं, तर व्यापाऱ्याकडे पुरावशेष विक्रीचा परवाना आहे का ते पाहा. परवाना नसलेल्याने हा धंदा करणं गुन्हा आहे. नोंदणी झालेली वस्तू विकली की अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि माझी विनंती, कायद्याबाहेरची: पोथी सुटी करू देऊ नका. चित्रकथीच्या पानांत दोन चित्रं पाठीला पाठ लावलेली असतात आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ती क्रमाने दाखवत गोष्ट सांगत. एक पान काढलं की गोष्ट तुटते, पण सुट्या पानांना पैसे जास्त येतात म्हणून हे सर्रास घडतं. विकण्याआधी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एकदा जाऊन या. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या त्या इमारतीत देशोदेशीच्या कलावस्तू आहेत. दान द्यायचं मनात आलं तर असं सरकारी संग्रहालय हा चांगला मार्ग आहे. मुलाला पोथीचे चांगले स्कॅन पाठवा, त्याला कोणाचीच मनाई नाही.

आई-मावशींच्या सह्या घ्यायला बसाल तेव्हा घाई करू नका. कुठला मुखवटा कुठल्या बंदरातला, कोणत्या वर्षी आला, त्यांना जे आठवेल ते लिहून तारखेसह त्यांची सही घ्या. मामांचं सीडीसी पुस्तक, म्हणजे जहाजावरच्या नोकरीची अधिकृत नोंदवही, सापडलं तर जपून ठेवा. त्यातल्या जहाजांच्या नोंदींवरून त्या आठवणी ताडून पाहता येतील आणि अर्जासोबत जोडायला तोच तुमचा सर्वांत भक्कम कागद ठरेल.