काडी फुटली म्हणजे लागली का?

प्रश्न : काकू, आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, सगळा माल बेदाण्याला जातो. यंदा वीस गुंठ्यांत वाइनची शिराझ लावून बघावी म्हणतोय. नाशिककडचे पाहुणे काड्या देतो म्हणालेत. मागच्या खेपेला आणलेल्या मण्यांच्या बियाही मी धुऊन ठेवल्यात. बियांची रोपं करू, की काडीच जमिनीत खोचू? डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे खाली दुसऱ्या वेलाची मुळं ठेवून, कलम करायचं तर खर्च वाढतो. बोअरचं पाणी मचूळ आहे.
— एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : बिया परड्यात लाव, पोरांना गंमत होईल. शिराझच्या बीतून शिराझ येत नाही बाबा, प्रत्येक बी म्हणजे निराळा वेल. कॅबरने सोव्हिनियॉन ही वाइनची दुसरी जात अशीच कॅबरने फ्रँक आणि सोव्हिनियॉन ब्लांच्या संकरातून जन्मली, आणि तिचे आईबाप कोण हे १९९७ साली डीएनए तपासल्यावर कळलं. असली लॉटरी वीस गुंठ्यांवर खेळू नकोस.

काडी थेट लावली तर मुळं धरते, त्यात शंका नाही. युरोपात १८६० नंतर मुळं खाणाऱ्या फायलोक्झेरा किडीनं बागा उद्ध्वस्त केल्या, म्हणून तिकडे त्या किडीला दाद न देणारे अमेरिकन खुंट आले. आपल्याकडे खरं कारण पाणी. तुझ्या मचूळ पाण्यावर स्वतःच्या मुळांवरच्या वेलाची पानं कडेनं करपतील. खर्च वाढला तरी कलमच कर. फक्त डॉगरिजला जोर फार. वाइनच्या बागेत पानांची दाटी होऊन घड सावलीत राहतात. ११०-आर खुंट मिळाला तर तो बघ.

आता कलमाचं, कारण तिथंच माणूस फसतो. मी पहिल्या वर्षी दोनशे कलमं बांधली. खुंट अंगठ्याएवढा, काडी करंगळीएवढी. काडीची पाचर खुंटाच्या चिरेत अगदी मधोमध बसवली, दिसायला देखणी. बाराव्या दिवशी काडीवरचे डोळे फुटले. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवले. महिना सरायच्या आत पालवी माना टाकून वाळली. सासरे आले, एका कलमाची पट्टी सोडली, काडी बोटानं उपसून हातात दिली. खाली नुसतं कोरडं लाकूड, जोड कुठंच नाही. डोळे काडीतल्या साठ्यावर फुटले होते. सालीच्या आत एक ओलसर हिरवा थर असतो, कॅम्बियम म्हणतात त्याला. खुंटाचा थर काडीच्या थराला टेकला तरच जोड होतो. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नये, एका कडेला सरकवून साल सालीला मिळवावी. सासऱ्यांनी डोळे मिटून अंगठ्यानं ती कड चाचपली, तेव्हा मला कळलं.

खुंट जानेवारी-फेब्रुवारीत लाव, सप्टेंबरापर्यंत पेन्सिलीएवढा होतो. काडी पिकलेली, तपकिरी घे, दोन डोळ्यांची. पट्टी घट्ट बांध. पुढं पाट-सरी करताना माती जोडाच्या वर चढू देऊ नकोस. काडी तिथं स्वतःची मुळं सोडते आणि खुंटाचे पैसे पाण्यात.

आणखी एक, गिऱ्हाईक आधी ठरव. शिराझचे बारके, बियांचे मणी खायला कोण घेणार? आणि पाहुण्यांना सांग, काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, गठ्ठ्यागठ्ठ्याला जातीची चिठ्ठी बांधून पाठवा. पानं नसलेल्या काड्यांत शिराझ कुठली नि कॅबरने कुठली, हे मलाही सांगता यायचं नाही.