हैतीत सतत बंड, खून आणि सत्तापालट का होतात? तिथल्या लोकांना लोकशाही जमतच नाही का?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग आधी घेतो, कारण तोच मला जास्त लागला. २९ नोव्हेंबर १९८७ ला, दुवालिए बापलेकांची २९ वर्षांची हुकूमशाही संपल्यावर, कॅरिबियन समुद्रातल्या या हैतीत पहिली मोकळी निवडणूक होणार होती. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समधल्या रुएल वायाँ नावाच्या गल्लीतल्या एका शाळेत लोक सकाळीच मतदानाला आले आणि बंदुका-कोयते घेतलेली माणसं आत घुसली, जो समोर दिसेल त्याला मारत सुटली. सैन्याने काही अडवलं नाही आणि त्याच दिवशी निवडणूक रद्द झाली. आता यापुढचं बघा, तीन वर्षांनी डिसेंबर १९९० मध्ये परत निवडणूक लागली तर हेच लोक परत रांगेत उभे राहिले आणि अरिस्टीड नावाच्या एका पाद्र्याला, जो झोपडपट्टीतल्या चर्चमधून हुकूमशाहीविरुद्ध उघड बोलायचा, त्याला साधारण दोन तृतीयांश मतं देऊन निवडून आणलं. आठ महिनेही झाले नाहीत तोच सैन्याने त्याला हाकलला. मत द्यायला गेलं तर जीव जाऊ शकतो हे डोळ्यांनी बघून जे परत जातात, त्यांना लोकशाही जमत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

मग सारखी उलथापालथ का? माझं मत असं की हैतीत सरकार चालवणाऱ्याला खेड्यातल्या माणसाची मर्जी सांभाळायची गरजच फारशी कधी पडली नाही. पैसा यायचा बंदरावरच्या जकातीतून, ताकद यायची बंदुकीतून नाहीतर बाहेरच्या देशातून. त्यामुळे ज्याच्या हातात राजधानी आणि कस्टम हाऊस, त्याचं राज्य. हे असं का झालं ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

फ्रेंचांच्या काळात या वसाहतीचं नाव सां-दोमँग होतं. साखर आणि कॉफीवर फ्रान्स गब्बर होत होता आणि ते पिकवायला आफ्रिकेतून आणलेले जवळपास ५ लाख गुलाम होते, त्यातले कित्येक तर आल्यावर थोड्याच वर्षांत राबून मरायचे. ऑगस्ट १७९१ ला त्यांनी उठाव केला, ऊस पेटवला, आणि पुढची बारा-तेरा वर्षं फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज सगळ्यांशी लढले. त्यांचा सर्वात मोठा नेता तूसाँ लुव्हेर्त्यूर, त्याला नेपोलियनच्या लोकांनी बोलणीच्या बहाण्याने पकडलं आणि फ्रान्सच्या थंडगार डोंगरी किल्ल्यात तो १८०३ मध्ये मेला. आपल्याकडे असईची लढाई झाली तेच हे साल, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हर्तियेरला हैतीच्या सैन्याने नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला. १ जानेवारी १८०४ ला तूसाँचा सेनापती देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी बंड करून स्वतःचा देश उभा केला असं जगात दुसरं उदाहरण नाही, आणि हे शाळेत आपल्याला कुणी एका ओळीतही सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण पहिली भेग तिथेच पडली. साध्या माणसाला हवा होता स्वतःचा जमिनीचा तुकडा, त्यावर कंद, मका, केळी, थोडी कॉफी, आणि डोक्यावर मुकादम नको. जनरल लोकांना मात्र निर्यातीसाठी मोठे मळे चालू ठेवायचे होते, कारण फ्रेंच परत आले तर तोफा-दारूगोळा घ्यायला पैसा लागणार. म्हणून तूसाँनेसुद्धा मोकळ्या झालेल्या लोकांना परत मळ्यावर जुंपायचा प्रयत्न केला. लोक डोंगरात निघून गेले. १८०६ ला देसालीनचा खून झाला, देश दोन तुकडे झाला, उत्तरेत क्रिस्तोफ स्वतः राजा झाला, दक्षिणेत पेत्यों प्रजासत्ताकाचा अध्यक्ष. बाहेरचं कुणी या देशाला मान्यता देईना, अमेरिकेने तर थेट १८६२ पर्यंत दिली नाही, कारण त्यांच्याकडे गुलामगिरी चालूच होती.

आता १८२५, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं साल. जुलैमध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचा फतवा घेऊन एक सरदार पोर्ट-ऑ-प्रिन्सला आला, आणि पाठोपाठ १४ युद्धनौका, त्यांच्यावर ५०० च्या आसपास तोफा. फतवा असा की आम्ही तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याचे १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत भरा, वर आमच्या जहाजांना जकात अर्धी. आणि नुकसान म्हणजे काय, तर त्यात जमिनीबरोबर गुलामांची किंमतही धरलेली, म्हणजे ज्यांनी रक्त सांडून सुटका करून घेतली त्यांनीच स्वतःची किंमत आपल्या जुन्या मालकाला द्यायची! तोवर परत एक झालेल्या हैतीचा अध्यक्ष ब्वाये, त्याने सही केली. पहिला हप्ता ३ कोटींचा, सरकारचं वर्षाचं सगळं उत्पन्न गोळा केलं तरी त्याच्या आसपाससुद्धा पोचत नव्हतं. मग तो भरायला पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढायला लावलं, कागदावर ३ कोटी, पण ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले आणि हातात आले २ कोटी ४० लाख. उरलेल्यासाठी तिजोरी खरवडली. १८३८ ला एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण तोवर कर्ज फेडायला कर्ज ही साखळी सुरू झालेली होती आणि तिची शेवटची कडी तुटायला १९४७ उजाडलं.

हा पैसा कुणी भरला? शहरातल्या बड्यांनी फारच थोडा. डोंगरातला शेतकरी जी कॉफी पिकवायचा तिच्या निर्यातीवर कर, आणि तो कर सरळ कर्जात. रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. १८८० नंतर तर हैतीची 'राष्ट्रीय बँक' म्हणून जी निघाली ती पॅरिसच्या एका बँकेची, आणि हैती सरकारने स्वतःचेच पैसे ठेवले-काढले तरी ती कमिशन घ्यायची. याच पॅरिसच्या बँकेने आयफेल टॉवरलाही पैसा पुरवला होता.

असं सरकार असल्यावर ते बळकावणं हाच एक धंदा होऊन बसला. उत्तरेतले हत्यारबंद शेतकरी, त्यांना काको म्हणायचे, त्यांना हाताशी धरून एखादा जनरल राजधानीवर चालून यायचा, खर्चाला पैसे बंदरातले व्यापारी द्यायचे, त्यात जर्मन व्यापारी बरेच, आणि गादी मिळाली की व्याजासकट वसूल. १९११ ते १९१५ या काळात तर अर्धा डझन अध्यक्ष झाले, त्यातला एक राजवाड्यातल्या स्फोटात गेला आणि शेवटच्याला जमावाने ओढून रस्त्यात मारलं. त्याच दिवशी, २८ जुलै १९१५ ला, अमेरिकन मरीन्स उतरले आणि १९३४ पर्यंत हलले नाहीत. (त्याच्या काही महिने आधी तेच मरीन्स राष्ट्रीय बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं बोटीवर चढवून न्यूयॉर्कला घेऊन गेले होते.) त्यांनी लोकांना वेठीला धरून रस्ते बांधून घेतले, परदेशी माणसाला जमीन घेता यावी म्हणून राज्यघटना बदलून घेतली आणि जाताना एक असं सैन्य मागे ठेवलं जे पुढे बाहेरच्या शत्रूशी कधी लढलं नाही, बंदूक कायम आपल्याच लोकांवर.

दुवालिएबद्दल बरंच लिहिलं गेलंय म्हणून एकच गोष्ट सांगतो, जी कमी लोकांना माहीत असते. हैतीत लहान चणीची काळी गावठी डुकरं असायची, काहीही खाऊन जगणारी, आणि ती म्हणजे खेड्यातल्या कुटुंबाची एफडी. पोराची शाळेची फी, लग्न, मयत, आजारपण, काही निघालं की डुक्कर विकायचं. १९८० च्या सुमारास स्वाईन फीव्हर आला आणि अमेरिकेच्या दबावाने देशातली जवळजवळ सगळी डुकरं मारून टाकली, निरोगीसुद्धा. नुकसानभरपाई थोड्यांनाच मिळाली. बदल्यात आयोवाहून पांढरी डुकरं आणली, त्यांना विकतचं खाद्य, स्वच्छ पाणी, वर पक्कं छप्पर लागायचं, जे माणसांकडेच नव्हतं. लोक त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणायचे. नोव्हेंबर १९८५ ला गोनाईव्हमध्ये सैनिकांनी शाळकरी मुलांना गोळ्या घातल्या, देश पेटला आणि ७ फेब्रुवारी १९८६ ला धाकटा दुवालिए फ्रान्सला पळाला. नुसत्या डुकरांमुळे झालं असं नाही, पण शेतकरी इतका का चिडला होता हे त्यावरून कळतं.

अरिस्टीड १९९४ ला अमेरिकेच्या फौजेबरोबर परत आला, पण बाहेरच्यांच्या अटी मान्य करून. तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आलं, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ भरमसाट आला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला भातवाला शेतकरी देशोधडीला लागला. २०१० ला स्वतः बिल क्लिंटननी यासाठी जाहीर माफी मागितली. अरिस्टीडच्याही चुका आहेतच, दुसऱ्यांदा अध्यक्ष असताना त्याच्या बाजूने हत्यारबंद पोरं रस्त्यावर फिरत होती हे लपवून चालणार नाही. २००४ ला त्याची सत्ता परत गेली. मग युनोची शांतिसेना आली, तिच्यात आपल्या भारताच्या पोलीस तुकड्याही होत्या. २०१० च्या भूकंपानंतर त्याच शांतिसेनेच्या नेपाळी तळावरच्या सांडपाण्यातून नदीत कॉलरा गेला, जवळपास १० हजार माणसं मेली, आणि युनोला माफी मागायला २०१६ उजाडलं.

आणि आजच्या टोळ्या आभाळातून पडलेल्या नाहीत. २०१८ ला तरुण पोरं एकच प्रश्न विचारत रस्त्यावर आली, "पेट्रोकॅरिबेचे पैसे कुठे गेले?" व्हेनेझुएलाने उधारीवर तेल दिलं होतं, त्यातून विकासकामं व्हायची होती आणि अब्जावधी डॉलरचा हिशोब लागत नव्हता. त्याच नोव्हेंबरात ला सालीन या वस्तीत, जिथून मोर्चे निघायचे, टोळीने ७० च्या आसपास माणसं मारली आणि त्यात सरकारी माणसांचा हात असल्याचे आरोप झाले. वस्त्या दाबात ठेवायला, मतं फिरवायला, गोदामं राखायला पुढारी आणि व्यापाऱ्यांनी ज्यांना पोसलं, त्यांच्या हातात फ्लोरिडाहून आलेल्या रायफली आहेत आणि आता ते कुणाचंच ऐकत नाहीत. जुलै २०२१ ला अध्यक्ष मोईझला त्याच्या घरातच मारलं, मार्च २०२४ ला टोळ्यांनी राजधानीचा मोठा तुरुंग फोडला, पंतप्रधान आँरी परदेशात होता तो परत येऊच शकला नाही. दहा लाखांहून जास्त लोक घर सोडून शाळांच्या आवारात, चौकांत राहतायत. अध्यक्षपदाची शेवटची निवडणूक २०१६ ची.

तुम्ही परवाच्या बातम्या बघून प्रश्न विचारला असेल तर एक सुचवतो, पुढच्या वेळी टोळीवाल्यांच्या फोटोंबरोबर हेही बघा की मतदान घ्यायचं ठरतंय का, कुणाच्या पैशाने, आणि पोर्ट-ऑ-प्रिन्सबाहेरच्या गावांत मतदान केंद्रं उघडणार आहेत का.